मैत्रीचा डावा डोळा

१३ ऑगस्ट २००१, सोमवार

प्रज्ञेशला अमेरिकेत मेल केला. मेलमध्ये जे बसत नाही त्यासाठी ही वही.

मेलमध्ये असं आहे: आपल्या मैत्रीच्या डाव्या डोळ्यात बाहुलीच्या मागे पांढरी चमक दिसते. शनिवार पेठेतल्या डॉ. हेमा बापट यांनी औषध घालून बाहुली मोठी केली, तपासलं, सोनोग्राफी केली. आतल्या पडद्यावर गाठ आहे. गाठीत खडूच्या कणांसारखे ठिपके दिसतात, त्यामुळे निदानात फारशी शंका नाही. डोळ्याचा कॅन्सर, लहान मुलांनाच होणारा. उजवा डोळा स्वच्छ. सल्ला: डावा डोळा काढणे, याच आठवड्यात.

मेलमध्ये नाही ते असं. चमक मला दिसली नव्हती, आईंना दिसली. आई म्हणजे माझ्या सासूबाई, विमलाबाई. भंडाऱ्याच्या शाळेतून निवृत्त होऊन गेल्या वर्षी औंधला आमच्याकडे आल्या. मैत्री दारात बसून वाटाणे सोलण्याचं नाटक करत होती. आई म्हणाल्या, "चैताली, पोरीच्या डोळ्यात हे काय चमकून रायलं? मांजरीवानी." मी पाहिलं तेव्हा काही नव्हतं. मी म्हणाले, उजेड असेल. तरी इंटरनेटवर शोधलं आणि आजची सुट्टी टाकली.

डॉ. बापट एकदाच नीट बोलल्या. "गाठ डोळ्याच्या आत आहे तोवर डोळा दिला तर मूल राहतं. जवळजवळ सगळीच राहतात. डोळ्यामागच्या नसेत शिरली, की डोळा देऊनही मूल राहील असं मी सांगणार नाही." मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. अट आणि परिणाम, दोन्ही मला समजले. मी विचारलं, डोळा वाचवण्याचा दुसरा मार्ग? त्या म्हणाल्या, "या डोळ्याला नाही." मी म्हणाले, इंटरनेटवर केमोथेरपी आणि लेझरबद्दल वाचलं आहे. "वा. मग ऑपरेशनही तिथेच करून घ्या."

मैत्री सव्वादोन वर्षांची आहे. परत येताना रिक्षात तिने प्रत्येक म्हशीला नाव ठेवलं.

१४ ऑगस्ट

प्रज्ञेशचं उत्तर आलं. लांब आहे. मुख्य मुद्दा: कशावरही सही करू नकोस, सगळे रिपोर्ट स्कॅन करून पाठव, आपण मिळून ठरवू.

बरोबर आहे. आमच्या लग्नात, नागपूरला, बुद्धवंदना झाल्यावर आम्ही स्वतः लिहिलेली एक ओळ वाचली होती: कोणताही मोठा निर्णय एकट्याने घेणार नाही. ती ओळ शोभेसाठी नव्हती. प्रज्ञेशच्या वडिलांनी आईंची बदली एकदा परस्पर करून घेतली होती, आईंना ती शाळेत कळली. म्हणून त्या ओळीला मांडवात सगळ्यांत आधी टाळ्या आईंनी वाजवल्या.

आज त्याच म्हणाल्या, "तो नियम फ्रीज घ्यासाठी होता वं. डॉक्टरनं सांगितलं ना? मग प्रज्ञेशले काय विचारतं? तो काय डोळ्याचा डॉक्टर हाय?"

मी म्हणाले, तो बाप आहे.

"बाप हाय म्हणूनच म्हणते."

आईंचं म्हणणं भावनेतून आहे. इथे विचार लागेल.

१८ ऑगस्ट

सीटी स्कॅन झाला. मैत्रीला गुंगीचं औषध दिलं होतं. नस स्वच्छ दिसते. मी डॉ. बापटना म्हणाले, म्हणजे थोडा वेळ आहे. त्यांनी फिल्म दिव्यावरून काढली. "ही आजची फिल्म आहे. उद्याची माझ्याकडे नाही."

प्रज्ञेशने अमेरिकेतलं एक हॉस्पिटल शोधलं आहे. त्याच्या घरापासून दोन तासांवर. तिथे असे डोळे वाचवतात, निदान काही वाचवतात. तो म्हणतो, आपण तिथे नाही गेलो तर आयुष्यभर मैत्री आपल्याला विचारेल. मला हे पटलं. कशाला हो म्हणायचं हे ती मोठी झाल्यावर ठरवेल. तिच्या दोन डोळ्यांचा हिशेब आपण आज बंद का करायचा?

यापुढे ऑफिसच्या पत्त्यावर लिहू नको, याहूच्या पत्त्यावर लिही, असंही त्याने कळवलं आहे. तिकडचा सर्व्हर हळू चालतो म्हणे. अमेरिकेत.

२३ ऑगस्ट

प्रज्ञेशने डॉ. बापटना विचारायचे प्रश्न पाठवले. मी छापून नेले. त्यांनी कागद वाचला, खरोखर पूर्ण वाचला. म्हणाल्या, "प्रश्न उत्तम आहेत. मी विद्यार्थ्यांना देईन. ऑपरेशन कधी?" मी म्हणाले, मिस्टर तिकडे अपॉइंटमेंट घेताहेत. त्या म्हणाल्या, "गाठीलाही दिलीय का?"

असल्या बोलण्याला उत्तर द्यायचं नसतं.

बाहेर बाकावर एक बाई भेटल्या, चंपा. नवरा पोपट, मार्केट यार्डात हमाल. मुलगा सोनू, तीनेक वर्षांचा, हाच आजार. त्याचा डोळा गेल्या आठवड्यात काढला, पट्टी होती. तो मैत्रीच्या चपलेवर गाडी चालवत होता. मी विचारलं, निर्णय घ्यायला किती दिवस लागले?

"कसले दिवस? म्या ह्यांना सांगितलं, डोळा भाईर काढत्यात, धुऊन साफ करत्यात आन परत बसवत्यात. लगेच सही केली."

मी म्हणाले, पण परत बसवत नाहीत.

"मला म्हाईत हाय की." तिने इकडेतिकडे पाहिलं. "तुमी नका सांगू ताई. पट्टी निघंस्तोवर तरी."

मी तिला सांगितलं की हे चूक आहे. बापाला खरं सांगून संमती घ्यायला हवी होती. ती हसली. म्हणाली, "तुमचं मालक लई समजूतदार असत्याल."

आहे. तेवढं तरी आमच्या घरात आहे.

३ सप्टेंबर

तिकडची अपॉइंटमेंट मिळाली, महिनाअखेरची. व्हिसाची मुलाखत १३ तारखेला मुंबईत. मी ऑफिसात रजेचा अर्ज दिला. हिंजवडीच्या बसमध्ये सगळे अभिनंदन करतात, अमेरिकेला निघालीस म्हणून. मी थँक्यू म्हणते. विषय पुढे वाढू नये यासाठी तेच सोयीचं.

तिकडच्या हॉस्पिटलच्या फॉर्मात प्रज्ञेशच्या विम्याचा क्रमांक हवा आहे. मी दोनदा विचारला. एकदा तो म्हणाला एचआरची बाई रजेवर आहे. दुसऱ्यांदा उत्तरात त्याने मैत्रीचं वजन विचारलं. घाईत वाचला असेल माझा मेल. पूर्वी असा वाचायचा नाही.

मैत्रीला काही दुखत नाही. आज तिने आईंना शाळा शाळा खेळताना कोपऱ्यात उभं केलं, आई उभ्या राहिल्या. "निवृत्तीनंतर पहिल्यांदाच शिक्षा झाली," म्हणाल्या.

१२ सप्टेंबर

काल संध्याकाळपासून टीव्हीवर ते दोन मनोरे पडताहेत. फोन लागत नव्हता. आज दुपारी मेल आला, प्रज्ञेश ठीक आहे, तो तिथून बराच लांब राहतो.

मी त्याला विचारलं, त्या वेळी ऑफिसात होतास का? तो म्हणाला, घरीच टीव्ही पाहत होतो. मंगळवारी, सकाळी.

उद्याची मुलाखत रद्द. पुढची तारीख कळवतील.

मैत्रीचा डावा डोळा लाल आहे.

१५ सप्टेंबर

लाली वाढली. पाणी येतं. ती उशीत डोकं खुपसून बसते, उजेड नको म्हणते. सकाळी उलटी. बुबुळ धुरकट दिसतं आणि डाव्या डोळ्याचा आकार उजव्यापेक्षा मोठा वाटतो.

डॉ. बापटनी डोळ्यातला दाब मोजला. टोमणा मारला नाही. त्यामुळे मला पहिल्यांदा भीती वाटली. "चैताली, डोळा वाचवायचा विषय संपला. मी आता फक्त मुलीबद्दल बोलतेय. सोमवारी दाखल करा."

एसटीडी बूथवरून प्रज्ञेशला फोन लावला, कारण घरच्या फोनवर परदेशची सोय नाही. आई आणि मैत्री बाहेर उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं, क्रमाने. तो म्हणाला, दोन दिवस दे, मी काहीतरी जमवतोय. काय जमवतोयस? म्हणाला, दोनच दिवस. मी बरं म्हणाले.

आईंनी काच वाजवून फोन मागितला. "प्रज्ञेश, पोरगी डोकं आपटून रायली. तू कशाची वाट पाहून रायला, मले सांग." मग त्या नुसत्या ऐकत राहिल्या. मग फोन माझ्या हातात दिला. "तो रडून रायला. ऐक तू."

मी कानाला लावला. खरखर होती. समुद्राखालची लाईन आहे, तशी खरखर येतेच. मी हॅलो हॅलो म्हणाले आणि ठेवला.

१७ सप्टेंबर, सोमवार

दोन दिवस झाले. मेल नाही.

दाखल केलं. नर्सने संमतीचा कागद पुढे केला आणि बोटाने जागा दाखवली. मी विचारलं, वडिलांची सही नंतर चालेल का? ती म्हणाली, "एकाचीच लागते हो. आई नाहीतर वडील. कुणीही."

कुणीही. १३ ऑगस्टलाही हाच कागद असणार.

सही केली. माझं पेन चाललं नाही, तिचं घेतलं.

१९ सप्टेंबर

काल ऑपरेशन झालं. पट्टी आहे. मैत्री शुद्धीवर आली तेव्हा पहिल्यांदा भूक लागली म्हणाली. दुखणं गेलंय, हे चेहऱ्यावरून कळतं. दुपारी पट्टीवर हात ठेवून आईंना विचारलं, "हा झोपलाय?" आई म्हणाल्या, "हो. दमला होता." मी सुधारलं नाही.

प्रज्ञेशला कळवलं. उत्तर दोन शब्दांचं: बरं केलंस.

मी त्याच्या परिच्छेदांची वाट पाहत बसले. प्रश्न तरी विचारेल असं वाटलं. नाही.

२७ सप्टेंबर

काढलेल्या डोळ्याच्या तपासणीचा रिपोर्ट आला. नस जिथे कापली, तिथल्या टोकालाही कॅन्सरच्या पेशी आहेत. म्हणजे कापलेल्या जागेच्या पलीकडे, आत राहिलेल्या भागात, त्या असणार.

मी विचारलं, ऑगस्टमध्ये केलं असतं तर टोक स्वच्छ निघालं असतं का?

डॉ. बापट म्हणाल्या, "ते कळून काय करायचंय तुम्हाला?"

मी म्हणाले, मला माहिती हवी.

"नको. पुढच्या आठवड्यात केमो सुरू करायची आहे, ती माहिती घ्या."

मी आकडा मागितला. शंभरातली किती मुलं राहतात, या टप्प्यावर. त्या बराच वेळ पेनाचं टोपण घालत काढत राहिल्या. "पुस्तकात आकडा आहे तो तिकडचा. आपल्याकडचा कुणी धड मांडलेलाच नाही. कितीतरी जण आधी यायला उशीर करतात, मग औषध मधेच सोडतात. गावी जातात, पत्ता बदलतो. ती मुलं गेली की राहिली, आम्हाला कळतसुद्धा नाही. लोकांना वाटतं हे अडाणी माणसांचं होतं." त्यांनी टोपण लावलं. मग म्हणाल्या, "तुम्ही येत राहा."

जिन्यात मैत्रीने मला विचारलं की डॉक्टर आजी रागावली का. मी म्हणाले, नाही. तसं खरंच नव्हतं.

६ ऑक्टोबर

प्रज्ञेश आला. दोन आठवड्यांची रजा, म्हणाला. दोन मोठ्या बॅगा. मी कपडे कपाटात लावले. थंडीचा जाड कोट होता, बर्फातले बूट होते, सगळ्यांत खाली आपला प्रेशर कुकर, शिट्टी टॉवेलमध्ये गुंडाळलेली. दोन आठवड्यांसाठी कुणी कुकर आणत नाही.

मी कुकर ओट्यावर ठेवला. आईंनी पाहिला. त्यात डाळ लावली.

विम्याचा क्रमांक, याहूचा पत्ता, मंगळवारची सकाळ. मी रोज दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधते. पगार त्याचाच घेते.

त्याला विचारलं नाही. तो मैत्रीशेजारी आडवा झाला होता. तिने त्याचा चष्मा काढून स्वतःच्या पट्टीवर लावून पाहिला.

११ नोव्हेंबर

दुसरी केमो झाली. केस गेले. ताप येतो, जातो, रक्त तपासतो, थांबतो, पुन्हा. वॉर्डाला स्पिरिट आणि वरणभाताचा वास असतो, तो बसमध्येही माझ्या ओढणीला राहतो. मी अर्धा दिवस ऑफिसला जाते. प्रज्ञेश दिवसभर असतो. रजेबद्दल तो बोलत नाही, मीही नाही.

आज चंपा आली होती, सोनूला दाखवायला. त्याची नस स्वच्छ निघाली होती, केमोही लागली नाही. तो वॉर्डात इतका पळाला की नर्सने त्याला बाहेर काढलं. मी विचारलं, पट्टी निघाल्यावर नवरा काय म्हणाला?

"काय म्हंत्यात. आठ दिस माझ्या हातचं जेवलं न्हाईत. म्हटलं, नका जेवू, पोरगं तर जेवतंय. आता खांद्यावर बसवून यार्डात नेत्यात, सगळ्यांना दाखवत्यात, बघा, एका डोळ्यानं नेम धरतो. परवा अडत्याच्या काचंवर धरला."

तिने मैत्रीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग मला विचारलं, "तुमचं बी येळेवरच झालं असंल ना?" मी म्हणाले, थोडा उशीर झाला. ती म्हणाली, "हुतंय," आणि पिशवीतून दोन सीताफळं काढून दिली.

ती गेल्यावर मी प्रज्ञेशला तिची गोष्ट सांगितली, धुऊन परत बसवतात ती. तो हसला. आल्यापासून पहिल्यांदाच. मग हसू तोंडावर तसंच राहिलं आणि तो म्हणाला, "तूही मला सांगायचं होतंस काहीतरी."

"काय सांगायचं होतं?"

"काहीही. परत बसवतात म्हणून. मी मानलं असतं."

सलाईन संपत आलं होतं. मी नर्सला बोलवायला गेले.

२४ डिसेंबर

चौथी केमो. मैत्री आता नर्सला सुई कुठे टोचायची ते स्वतः दाखवते. रडत नाही. तिने रडावं असं मला वाटलं. ही इच्छा कुठल्या कामाची आहे ते कळत नाही.

१० जानेवारी २००२

चालताना डावीकडे झुकते. सकाळच्या उलट्या पुन्हा. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं. त्यात पेशी आहेत.

डॉ. बापट टेबलामागून उठून आमच्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसल्या. कण्यात इंजेक्शनं देता येतील, डोक्याला किरण देता येतील. प्रज्ञेशने विचारलं, त्याने काय होईल? त्या म्हणाल्या, "काही आठवडे. कदाचित. ते कसे जातील ते मी सांगू शकते, आणि ते चांगले नाहीत." त्यांनी ते सांगितलं.

घरी येऊन आम्ही तिघं ओट्याशी उभे राहिलो. प्रज्ञेश म्हणाला, तू म्हणशील तसं. मी म्हणाले, तू म्हण. आई म्हणाल्या, "पोरीले आता टोचू नका." आम्ही दोघांनीही मान डोलावली. आधी कुणी डोलावली ते मला आठवत नाही.

मग त्याने सांगितलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याची नोकरी गेली होती. नवी लागली की विमा येईल, विमा आला की ते हॉस्पिटल. रोज वाटायचं उद्या लागेल. मी म्हणाले, माहीत आहे. तो म्हणाला, कधीपासून? मी म्हणाले, कुकर.

आईंनी गॅस बारीक केला आणि मैत्रीच्या खोलीत गेल्या.

१७ जानेवारी, गुरुवार

आज कृत्रिम डोळ्यासाठी जायचं होतं. वेळ महिन्यापूर्वी घेतलेली. मी रद्द करणार होते. आई म्हणाल्या, "तिनं बांगड्या मागितल्या असत्या तर आणल्या असत्या का नाही? तिनं डोळा मागितला." खरं आहे. मैत्री रोज विचारते, माझा नवा डोळा कधी.

शनिवार पेठेत, जिन्याने वर, एका खोलीत उत्तरेश्वर कोरे नावाचे गृहस्थ डोळे बनवतात. माप आधीच घेतलं होतं. आज रंग. खिडकीजवळ टेबल, कारण रंग उन्हात पाहावा लागतो. त्यांनी मैत्रीला विचारलं, "कुठला रंग देऊ? निळा? पोपटी?" ती म्हणाली, "आईचा." ते म्हणाले, "महाग पडेल, तो एकच रंग नसतो, चार मिसळावे लागतात." ती प्रज्ञेशच्या मांडीवर खूश होऊन बसली आणि थोड्या वेळात झोपून गेली. हल्ली मधेच झोपते.

कोरे ब्रश हातात धरून थांबले. "आता कशात बघू रंग?" मग माझ्याकडे पाहिलं. "आईचा म्हणाली ना. बसा तुम्ही इथं. उजेडाकडे तोंड करा. हलू नका, आणि डोळ्यात पाणी आणू नका, पाण्याने रंग फिका दिसतो."

मी बसले. ते माझ्या डोळ्यात पाहायचे, मग बुबुळाच्या छोट्या चकतीवर एक रेघ ओढायचे, मग परत पाहायचे. काम करताना बोलायची सवय दिसली. म्हणाले, मूल वाढतं, खोबण वाढते, हा डोळा वर्षभरच पुरेल. पुढच्या जानेवारीत नवा करायला या. तेव्हा ती ओळखूही यायची नाही, इतकी उंच झालेली असेल. मुली भराभर वाढतात.

प्रज्ञेश काहीतरी बोलायला लागला.

"येऊ," मी म्हणाले.

"हलू नका," कोरे म्हणाले.

मी हलले नव्हते.